पावलाआधीची थाप

थाप आधी पडली आणि पाऊल नंतर. झालं ते एवढंच. रविवारची दुपार होती. ब्राँक्समधल्या त्या मोकळ्या प्लॉटवरच्या लाकडी घरापुढे खुर्च्या गोल मांडल्या होत्या, कुंपणाशी कोंबड्या माती उकरत होत्या, चागो नेहमीसारखा गाण्याची ओळ अर्धीच म्हणून उरलेली अर्धी लोकांच्या तोंडी सोडत होता, आणि मधल्या फळ्यांवर लूमी नाचत होती. तिने परकराचा डावा कोपरा उचलला, मान वळवली, आता उजवा पाय पुढे येणार हे नेरेइदाला दिसलं आणि तिचा हात ड्रम मशीनच्या रबरी चौकोनावर पडला. स्पीकरमधून ढोलाचा कडक आवाज निघाला. पाय मात्र अजून हवेतच होता. तो फळीवर टेकला तेव्हा आवाज विरूनही गेला होता. लूमी थांबली. तिने परकर सोडला, हाताने चुण्या सारख्या केल्या, स्पीकरच्या खोक्याकडे वळून, नाच संपवताना ढोलापुढे लववतात तशी मान लववली, आणि बाजूने जाताना धाकट्या बहिणीच्या कानाशी वाकून अगदी हळू म्हणाली, "आज तू मला नाचवलंस, नेरे." मग ती तुतीच्या झाडाखाली जाऊन बसली आणि तिने कोणाकडे तरी कॉफी मागितली. बाकी कोणाला काही कळलं नाही. चागोने दुसऱ्या एका बाईला हाताला धरून मधे ओढलं, गाणं चालू राहिलं, आणि नेरेइदाही वाजवत राहिली, पण तिला आपले हात दुसऱ्या कोणाच्या तरी बाहीतून बाहेर आल्यासारखे दिसत होते.

घरी जाताना तिने मशीन टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. बस थांबत होती, दारं धापा टाकल्यासारखी उघडत होती, समोर एक बाई धुतलेल्या कपड्यांची गाडी गुडघ्यांत धरून पेंगत होती. नेरेइदा आपला उजवा हात पाहत होती. साठी उलटलेला हात, मनगटाजवळ तपकिरी ठिपके, अंगठ्याच्या बुडाला जरा सूज. चुका या हाताने काय कमी केल्या होत्या? उशीर तर कितीदा झाला होता. नाचणारी बाई पटकन काहीतरी करून जाते, हात मागाहून पोचतो, ती हसते, लोक हसतात, पुढच्या वेळी हात जागा राहतो. उशिरा पडलेल्या थापेत लाज असते, पण ती माणसांमधली लाज असते. आधी पडलेल्या थापेचं तसं नव्हतं. इतर सगळ्या जगात माणूस तालावर नाचतो. बोंबात, समुद्रापलीकडच्या त्यांच्या बेटावरून आलेल्या या ढोल-नाचात, ताल माणसावर चालतो. नाचणारी आधी, ढोल मागून. तिने खांदा उडवला तर तो ढोलाने सांगायचा, परकर झटकला तर तोही सांगायचा, ती नुसती उभी राहिली तर तेही. मोठा ढोल खाली एकसारखा चालत असतो, आणि छोटा, ज्याला प्रीमो म्हणतात, तो बाईच्या अंगावर डोळे लावून बसलेला असतो. जे घडलं नाही ते प्रीमोने बोलायचं नसतं. आणि आज ती बोलली होती. लूमीच्या वतीने बोलली होती, लूमी समोर उभी असताना, जसं आजारी माणसाच्या खाटेशी बसून नातेवाईक डॉक्टरला परस्पर उत्तरं देतात.

बाबा हे शिकवायचे ते तिला नाही. बाबा, म्हणजे सेवेरो, बेटावरून आले तेव्हा त्यांच्याजवळ एक कोट होता आणि रमच्या पिंपाचा, बकरीचं कातडं ताणून बसवलेला प्रीमो होता. आठवडाभर ते हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात वाफेत उभे राहायचे आणि रविवारी अंगातली वाफ ढोलातून बाहेर काढायचे. बायकांनी ढोलाला हात लावायचा नाही, असा नियम कोणी मोठ्याने सांगत नसे. नेरेइदाने लहानपणी एकदा तळवा कातड्यावर ठेवला होता, तेव्हा बाबा रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. त्यांनी ढोल उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला, रस्त्यातली खुर्ची ठेवावी तसा. पण त्यांच्या पाठीमागे बसायला मनाई नव्हती. भावकीतल्या मुलग्यांना ते जे सांगत ते सगळं तिला तिथून ऐकू येई. "तोंडाकडे बघू नको रे, तोंड खोटं बोलतं. घोट्याकडे बघ." मुलगे बघत होते खिडकीकडे. घोट्याकडे बघत होती ती. आणि तो घोटा लूमीचा असायचा, कारण घरात नाचणारी लूमीच होती, तिच्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठी, खरं नाव इलुमिनादा, आईने शिवलेल्या पांढऱ्या परकरात सबंध खोली भरून टाकणारी. म्हणजे बाबांच्या खांद्यावरून नेरेइदाने आयुष्यात जर काही पाठ केलं असेल तर तो बहिणीचा उजवा घोटा.

बस पुलाखालून गेली, काचेत क्षणभर तिचाच चेहरा आला आणि त्यामागे तो उन्हाळा आला, ज्या उन्हाळ्यात रोज कुठली ना कुठली इमारत जळत होती. धुराचा वास उशीला यायचा. ती तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. जळून मोकळ्या झालेल्या जागेत पोरं दिव्याच्या खांबातून वीज ओढत, दोन रेकॉर्ड प्लेयर शेजारी शेजारी मांडत, पुठ्ठे पसरत, आणि गाणं जिथे गायचं थांबतं आणि नुसता ढोल उरतो तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत. हाताने. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ती घरी जायचं विसरली. इथे कातडं नव्हतं. इथे हात लावू नको म्हणणारं कोणी नव्हतं, निदान ज्यांनी म्हणून पाहिलं त्यांना तिने जुमानलं नाही. महिन्याभरात ती तिथे उभी राहायला लागली, एक रेकॉर्ड पुढे, एक मागे, बोटाखाली काळी चकती थरथरतेय आणि समोर पुठ्ठ्यावर पोरं त्या तुकड्याची वाट बघत दबा धरून बसलीत. एका संध्याकाळी बाबा पाहायला आले. कामाचे कपडे तसेच, हाताची घडी. सगळं ऐकून घेतलं. घरी जाताना म्हणाले, "चांगलं आहे. पण तिथे कोण कोणाच्या मागे जातं?" ती अभिमानाने म्हणाली, "पोरं माझ्या मागे येतात, बाबा. मी सोडलं की ती नाचतात." बाबा थोडा वेळ चालले. "मग ते उलटं आहे," म्हणाले. रागाने नाही, कोणाच्या अंगात सदरा उलटा दिसला तर सांगावं तसं.

पुढची सगळी वर्षं तो सदरा सुलटा करण्यातच गेली, असं तिला कधीकधी वाटे. बाबा गेल्यावर तिने त्यांच्याच ढोलाचे आवाज मशीनमध्ये भरले. मोठ्या ढोलाच्या जागी हिप-हॉपचा तो जड, रेंगाळत चालणारा ठोका. त्यावर ती स्वतः, कधी घरच्या भाषेत, कधी रस्त्यावरच्या, रॅप बोलणारी. आणि दहा बोटं मोकळी, प्रीमोसाठी, समोर जी कोणी नाचेल तिच्या अंगावर डोळे लावून. फार नाव झालं नाही. पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं, दोन-चार रेकॉर्डी निघाल्या, दूरदूरच्या गावांतून बोलावणी आली. आणि सगळीकडे समोर लूमीच असायची. बाबांनी थोरल्या लेकीच्या जन्मावर एक ओळ केली होती, 'दार उघड, इलुमिनादा, समुद्र आलाय भेटायला.' ती ओळ सगळ्यांनी मिळून म्हणायची, आणि मधे नेरेइदाने बोलायचं: कुठलं दार, बाबा, इथली दारं तर त्या उन्हाळ्यात जळून गेली, समुद्राला म्हणावं खिडकीतून ये, पाचव्या मजल्यावर, लिफ्ट बंद आहे. लोक हसायचे, आणि त्या हसण्यातच लूमी पहिलं पाऊल टाकायची. इतक्या वर्षांत ते पाऊल कधी चुकलं नव्हतं.

सोमवारी सकाळी फोन लूमीचाच आला. आधी ती बराच वेळ शेजारणीच्या कुत्र्याबद्दल बोलली, मग कोळंबी किती महागली त्याबद्दल. मग म्हणाली, "आणि शनिवारी मी येत नाही हं."

"येत नाही म्हणजे? बागेतला कार्यक्रम आहे, लूमी. भिंतीभिंतीवर तुझं नाव लागलंय."

"लागू दे की. नावाला कुठे गुडघे असतात."

"गुडघा दुखतोय का?"

"गुडघा झकास आहे. तुझ्यापेक्षा बरा." मग ती म्हणाली, "तुला माझी गरज उरली नाही, नेरे. मी तुला तोंडपाठ झालेय. पाठ झालेल्या माणसाला समोर कशाला उभं करायचं? उगीच जागा अडते."

"एक थाप चुकली म्हणून तू—"

"चुकली म्हणाले का मी? चुकली असती तर काय हवं होतं." आणि तिने गॅसवर काहीतरी करपतंय असं सांगून फोन ठेवला. नेरेइदाने ओट्यावरचा कप विसळून पालथा घातला. शेजारणीचं कुत्रं मागच्या वर्षीच मेलं होतं हे तिला त्यानंतर आठवलं.

दुपारी तिने मशीन लावलं. वाजवलेलं सगळं त्यात साठून राहतं; थाप कुठे पडली ते पडद्यावर बारीक रेघांमधे दिसतं. रविवारचं ते गाणं तिने शोधलं, ती जागा शोधली. थाप रेघेवर होती. रेघेच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही. जिथे ती इतकी वर्षं पडत आली तिथेच. तिने पुन्हा लावून ऐकलं. खाली ठोका, वर थाप, सगळं जागच्या जागी. मशीनला पाय दिसत नव्हते, त्याने फक्त हात टिपला होता, आणि हाताची काही चूक नव्हती. क्षणभर तिला बरं वाटलं. आणि लगेच, जिना उतरताना एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. हात वेळेवर होता, तर पाय उशिरा पडला होता. लूमीचा पाय. तिच्या हातांनी वाजवली ती पूर्वीची लूमी होती, आणि फळ्यांवर होती ती आजची.

मग एकेक गोष्ट आपोआप पुढे येऊन उभी राहिली. मागच्या महिन्यात लूमीने तिला आईच्या नावाने हाक मारली होती. त्यात काय, सगळेच मारतात. बाजारात ती वजनकाट्यापुढे उभी राहिली होती, हातात रताळं, आणि पुढे काय करायचं ते विसरल्यासारखी रताळ्याकडे पाहत होती. वाढदिवसाला तिने बेटावरच्या घराची गोष्ट सांगितली आणि केक कापून झाल्यावर तीच पुन्हा, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी. नेरेइदाने या गोष्टी पाहिल्या नव्हत्या असं नाही. पाहून बाजूला ठेवल्या होत्या, रस्त्यातली खुर्ची ठेवावी तशा. आता तिच्याजवळ पुरावा होता. ती लूमीला सांगू शकत होती, बघ, माझा हात कसा रेघेवर आहे. आणि हे सांगणं म्हणजे काय सांगणं होतं ते तिला कळत होतं. हात चुकला म्हणावं तर लूमी शनिवारी येणार नव्हती, कारण तिचा ढोलावरचा विश्वास उडाला होता. हात बरोबर होता म्हणावं तर लूमी कधीच फळ्यांवर येणार नव्हती. आणि लूमी नाचायची थांबली की मग तिचं काय उरेल? आणि माझं? हा दुसरा प्रश्न तिला आवडला नाही, पण तोही तिथेच उभा राहिला. इतकी वर्षं लोक म्हणत आले होते की नेरेइदाने जुन्या ढोलाला नव्या रस्त्यावर आणलं. खरं तर तिने काही आणलं नव्हतं. एक बाई पुढे चालत होती आणि ती तिच्या मागून चालत आली होती.

चागो भेटला तो दुकानाबाहेर, मोडक्या खुर्चीवर, पायाशी रेडिओ. तरुणपणी तो बाबांच्या शेजारी बसून मोठा ढोल वाजवायचा. मशीन आल्यावर तो सात-आठ महिने तिच्याशी बोलला नव्हता, आणि मग एके दिवशी हातात माराका, तो बियांचा खुळखुळा, घेऊन आपणहून येऊन उभा राहिला होता. "तुझा डबा घरी एकटाच ठेवून आलीस?" तो म्हणाला. "रडेल ना बिचारा."

"चागो, रविवारी तुला काही वेगळं वाटलं का?"

"वाटलं की. कोणीतरी भातात ओली तूर कमी घातली होती. दाणा शोधायला चष्मा लागत होता."

"लूमीबद्दल विचारतेय."

त्याने रेडिओ बारीक केला. "लूमी थकली असेल. तीपण काय, मीपण काय. देव आम्हाला चुकून विसरलाय, कोणी आठवण करून देऊ नका." मग तिच्याकडे नीट पाहत म्हणाला, "तू अलीकडे खाली मान घालून वाजवतेस, पोरी. पूर्वी तुझी मान दुखायची, वर बघून बघून." आणि रेडिओ पुन्हा मोठा केला.

गुरुवारी ती लूमीकडे गेली. सांगायचं काहीच नाही, नुसतं बसून यायचं, असं ठरवून. लूमी ओट्याशी होती. कच्ची केळी कापून तळलेली, ताटलीच्या बुडाने एकेक चकती दाबून ती पुन्हा तेलात सोडत होती. खिडकीत ऊन होतं, तेलाचा वास होता, लूमीच्या पाठीवर एप्रनची गाठ सुटत आलेली होती. नेरेइदा टेबलाशी बसली. ताटली चकतीवर दाबली की दबका आवाज होई, तेलात चकती पडली की चर्र होई. तिची बोटं टेबलावर आपोआप हलणार होती, ती तिने दुमडून मांडीवर घेतली.

"ऐकलंस ना मशीनवर?" लूमी पाठमोरीच म्हणाली.

"काय?"

"वेड पांघरू नको. तू घरी जाऊन ऐकलंच असणार. कशी होती थाप? बरोबर होती ना?"

नेरेइदाने टेबलावर उडालेला तेलाचा थेंब बोटाने पुसला.

"म्हणजे बरोबर होती. मग माझाच पाय उशिरा पडला."

"मी तसं म्हणाले नाही, लूमी."

"मी म्हणतेय ना. उशिरा पडला, कारण मी तो धरून ठेवला होता." ती वळली. हातात तेलाने चकाकणारी ताटली. "मुद्दाम धरून ठेवला. बघायला."

"काय बघायला?"

"तू आहेस का ते."

"मी तर समोरच होते."

"समोर होतीस. तसा स्पीकरपण समोर होता. तू त्या मशीनच्या लाल हिरव्या दिव्यांत होतीस. वर्षभर बघतेय मी. मी डावं करते, तू डावं वाजवतेस, सगळं बरोबर, आणि बघत कोणीच नाही. बायको जेवायला वाढते आणि नवरा पेपरातून डोकं न काढता छान झालंय म्हणतो, तसं. म्हटलं, एकदा मीठच घालू नये. बघू कळतं का."

नेरेइदाला हसू आलं. "मग काय, मशीन टाकून देऊ?"

"मशीनने काय घोडं मारलंय? मोठा ढोल तरी कधी थांबायचा? चागो तर बाबांच्या शेजारी डोळे मिटून बैलासारखा चालत राहायचा, मधे भूकंप झाला असता तरी. तो चालायचाच असतो. थांबायचं असतं प्रीमोने." तिने चकत्या काढल्या, वर मीठ भुरभुरलं, हात कपड्याला पुसले, खिडकीतून खाली रस्त्यावर कोणाला तरी पाहिलं. मग पुन्हा मिठाचं भांडं उचललं आणि पुन्हा तितकंच मीठ भुरभुरलं, सावकाश, काळजीपूर्वक, एकही चकती न सोडता.

नेरेइदा ते पाहत होती. आता तिला आतून दोन गोष्टी एकदम दिसत होत्या आणि त्यातली एक निवडता येत नव्हती. लूमीने पाय खरंच धरून ठेवला असेल. ती तशी होतीच, लहानपणी दाराआड श्वास रोखून उभी राहायची, कोणी शोधतंय का ते पाहायला. किंवा पाय नुसताच उशिरा पडला असेल, पुढचं पाऊल क्षणभर कुठे दिसेनासं झालं असेल, आणि मग चार दिवस या ओट्याशी उभं राहून तिने ही गोष्ट जुळवली असेल, स्वतःला सावरायला, आणि कदाचित धाकटीलाही. विचारायची सोय नव्हती. बाबा असते तर म्हणाले असते, तोंडाकडे बघू नको. पण घोट्याकडे पाहूनही काही कळत नव्हतं. तो जाडसर, निळ्या शिरांचा, घरातल्या सपातांत सुखाने उभा होता.

"मीठ जास्त झालंय का गं?" लूमीने चकती तोडत विचारलं.

"नाही," नेरेइदाने थाप मारली. "अगदी बरोबर आहे." आणि दुसरी चकती घेतली.

निघताना तिने दारातून विचारलं, "शनिवारी येशील?"

"ते शनिवारला विचार," लूमी म्हणाली आणि साखळी लावली.

शनिवारी वारा होता. बागेतल्या फळ्यांच्या मंचावर कागदी पताका फडफडत होत्या, तळणीच्या गाड्यांवरून धूर वाहत होता, पहिल्या रांगेत म्हाताऱ्या बायका डोक्यावर वर्तमानपत्रं धरून बसल्या होत्या. नेरेइदाने मशीन लावलं. चागो माराका काखेत धरून तिच्या कानाशी म्हणाला, "ती नाही आली तर मी नाचू का? परकर आणलाय." ती त्याला काही बोलणार तेवढ्यात रस्त्याच्या कडेला टॅक्सी थांबली आणि लूमी उतरली, पांढऱ्या परकरात, भाड्यावरून ड्रायव्हरशी भांडत. वर येताना तिने नेरेइदाकडे पाहिलं नाही.

ठोका सुरू झाला. नेरेइदा बोलायचं ते बोलली, दारं जळाल्याचं, लिफ्ट बंद असल्याचं. लोक हसले. ते हसणं उठलं, पसरलं, खाली बसलं, आणि त्यात पाऊल पडलं नाही. लूमी मंचाच्या मधोमध आली होती, मान लववून झाली होती आणि ती नुसती उभी होती. परकर उचललेला नाही, हात दोन्ही बाजूंना. चागोने ओळ म्हटली, लोकांनी पुरी केली. दार उघड, इलुमिनादा. ठोका आपल्या वाटेने चालत राहिला, त्याचं ते कामच होतं. चागोने ओळ पुन्हा म्हटली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून नेरेइदाकडे पाहिलं. तिचे हात रबरी चौकोनांवर, टेकलेले नाहीत, वीतभर उंच. बोटांना सवय होती. ती आपलीआपण पडायला बघत होती, या जागी ही थाप, मग ती, मग डावीकडची दुहेरी, सगळं पाठ, पाणी उतारावरून यावं तसं बोटांपर्यंत येऊन थांबलेलं. एक थाप दिली तर कदाचित लूमीला पुढचं आठवेल. लोकांना वाटेल सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. कोणाला काही कळणार नाही. तिने हात खाली आणले नाहीत. ही विसरली आहे की माझी परीक्षा घेते आहे? हा प्रश्न आला आणि तिच्या डोळ्यांना त्याचं काही उत्तर सापडेना. समोर नुसती एक बाई उभी होती, सत्तरी ओलांडलेली, वाऱ्यात, आणि तिचं पुढे काय होणार हे नेरेइदाला ठाऊक नव्हतं. आपल्या बहिणीबद्दल आपल्याला असं काही ठाऊक नसणं, हे कधी शेवटचं झालं होतं? बाबांच्या पाठीमागे बसलेल्या पोरीला ते रोज होत असे. दर वेळी, दर पावलाला. म्हणूनच तर तिची नजर हलत नसे. मान दुखायला लागली. लोक ओळ म्हणत राहिले, कोणीतरी टाळ्या धरल्या, म्हाताऱ्या बायकांपैकी एकीने वर्तमानपत्र खाली घेतलं.

मग लूमीचा उजवा हात वर गेला. परकराकडे नाही, कपाळाकडे. वाऱ्याने डोळ्यांवर आलेली पांढरी बट तिने एका बोटाने कानामागे सारली.

नेरेइदाने थाप दिली. हलकी, त्या बटेएवढीच.

लूमीने मान जराशी कलती केली, दुरून कोणी हाक मारली का ते ऐकावं तशी. मग डावा हात उचलून दुसऱ्या बाजूची, तिथे नसलेलीच बट तिने तितक्याच सावकाश कानामागे सारली. थाप मागोमाग आली. पहिल्या रांगेतून कोणीतरी "आय!" म्हणून ओरडलं. पुढे लूमी काय करणार ते नेरेइदाला दिसत नव्हतं. कोपर हललं तेव्हा हात कोपरामागे गेला, टाच उचलली गेली तेव्हा टाचेमागे, आणि दोनदा तो उशिरा पोचला, तेव्हा लूमी मोठ्याने हसली. पहिली बट खरोखरच वाऱ्याने डोळ्यांवर आली होती का, हे नेरेइदाने त्या दिवशी तिला विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही.